नेमणूक बिशपची, पगार मंडळीचा, जमीन ट्रस्टची : नाशिकमधल्या पाळकांचं जग

नाशिकरोडला दर फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरते. देशाच्या कानाकोपऱ्यातून लोक येतात, वर्तमानपत्रांत फोटो छापून येतात. त्यामुळे बऱ्याच नाशिककरांच्या मनात चर्च म्हणजे तेच चित्र बसलंय: पांढऱ्या झग्यातले फादर, मेणबत्त्यांच्या रांगा आणि सगळ्यांच्या वर रोमचे पोप. ते चित्र कॅथलिक चर्चचं आहे आणि तेवढ्यापुरतं बरोबर आहे. पण शरणपूर रोडवरच्या सेंट आंद्रिया चर्चमध्ये गेलात तर तिथे फादर भेटणार नाहीत. तिथे पाळक असतात. त्यांना बायको-मुलं असतात, मुलांच्या फीची चिंता असते, आणि चार-पाच वर्षांनी बदलीचा कागद हातात पडेल याची धाकधूक असते. पोपशी त्यांचा संबंध नाही. ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, म्हणजे सीएनआयचे. चर्च ऑफ इंग्लंडमधून जगभर पसरलेल्या चर्चच्या कुटुंबाला अँग्लिकन म्हणतात. त्या कुटुंबात नाशिकचं खातं आज सीएनआय याच नावाने आहे.

हा कारभार बाहेरच्याला गुंतागुंतीचा वाटतो, आणि खरं तर आतल्या माणसांनाही वाटतो. तीन प्रश्न वेगळे केले की बराचसा गुंता सुटतो. पाळकाला कोण नेमतं? त्याचा पगार कुठून येतो? आणि ज्या घरात तो राहतो, ज्या चर्चमध्ये उपासना चालवतो, ती जागा कुणाची? तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत. नेमणूक बिशपची, म्हणजे त्या भागातल्या चर्चप्रमुखाची; पगार मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, दानातून; आणि जागा एखाद्या ट्रस्टची. चर्चमधला चांगुलपणा आणि चर्चमधली भांडणं, दोन्हींचं मूळ मला तरी याच तिहेरी रचनेत दिसतं.

ही रचना कुणी एका बैठकीत ठरवलेली नाही. ती साचत गेली.

भारतातला पहिला अँग्लिकन बिशप 1814 साली कलकत्त्याला बसला. मुंबईला स्वतंत्र बिशप मिळाला 1837 मध्ये. पण चर्च मिशनरी सोसायटी, म्हणजे सीएमएस, त्याआधीच 1832 मध्ये नाशिकला पोचली होती. इथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. मिशन ही स्वतंत्र संस्था होती, तिचे वर्गणीदार इंग्लंडमध्ये, तिची समिती लंडनमध्ये. बिशपचा अधिकार धार्मिक बाबींत. पण पैसा आणि जमीन मिशनच्या हातात. म्हणजे त्या तीन प्रश्नांची उत्तरं पहिल्या दिवसापासूनच वेगळी होती. शिवाय देवळालीसारख्या छावणीत तिसराच प्रकार. तिथल्या गोऱ्या सैनिकांसाठी जे चॅपलेन असत, ते थेट सरकारी पगारावरचे नोकर. एकाच चर्चचे धर्मगुरू, पण एकाला सरकार पोसतंय, दुसऱ्याला लंडनची समिती, आणि तिसरा, मराठी कॅटेकिस्ट (धर्मशिक्षक) किंवा देशी पाळक, या दोघांपेक्षा फारच कमी पगारावर खेडोपाडी पायपीट करतोय.

शरणपूर ही वस्ती सीएमएसने 1850 च्या दशकात उभी केली. धर्मांतर केलं की त्या काळी घर सुटायचं, विहीर सुटायची, रोजगार सुटायचा. अशा माणसांना राहायला जागा आणि हाताला काम मिळावं म्हणून विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने इथे शाळा, कारागिरीची शिक्षणशाळा आणि घरं बांधली. पण शरणपूरच्या इतिहासातलं सगळ्यात थक्क करणारं पान मराठी माणसांचं नाहीच, ते आफ्रिकन मुलांचं आहे. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबतं ब्रिटिश आरमार पकडायचं. त्यांतून सुटलेली पूर्व आफ्रिकेतली मुलं मुंबईत उतरवली जात आणि त्यांतली पुष्कळशी नाशिकला पाठवली जात. इथे ती सुतारकाम, लोहारकाम, इंग्रजी शिकली. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हणतात.

जेकब वेनराइट त्यांतलाच. 1873 मध्ये शोधप्रवासी लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारला, तेव्हा त्याच्या सोबतच्या लोकांनी त्याचं शव महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणलं. त्या तुकडीत शरणपूरला शिकलेली माणसं होती. ज्या झाडाखाली लिव्हिंग्स्टनचं हृदय पुरलं, त्या झाडावर अक्षरं कोरली ती जेकबने. पुढे 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत तो होता. त्याच वर्षी प्राइस मोंबासाला गेला आणि तिथे मुक्त गुलामांसाठी फ्रिअर टाउन वसवलं. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव त्या वस्तीला मिळालं. नाशिकला शिकलेली अनेक माणसं तिकडे परतली. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर या दोघांना 1885 मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी डीकन, म्हणजे धर्मसेवेच्या पहिल्या पायरीवरचा सेवक, म्हणून दीक्षा दिली. केनियाच्या अँग्लिकन चर्चचे सुरुवातीचे आफ्रिकन धर्मसेवक शरणपूरच्या शाळेत घडले, ही गोष्ट नाशिकच्या शाळांत शिकवली जात नाही. का, ते मला कळलेलं नाही.

इकडे अहमदनगर भागात (आताचं अहिल्यानगर) चित्र आणखी वेगळं होतं. तिथे 1831 पासून अमेरिकन मराठी मिशन होतं, जे बिशप मानतच नाही; प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण पाहते, ही त्यांची काँग्रिगेशनल रीत. पुढे तिथेच एसपीजी ही दुसरी अँग्लिकन मिशन संस्था आली. सीएमएस साध्या उपासनेची, उपदेशावर भर देणारी. एसपीजीला वेदी, झगे, विधी यांची ओढ जास्त. एका जिल्ह्यातल्या शेजारच्या दोन गावांत एक चर्च अमेरिकन आणि एक एसपीजीचं, आणि दोन्हीकडे एकाच भावकीतली माणसं, असंही व्हायचं. सोयरीक जुळवताना ‘तुम्ही कुठल्या मिशनचे?’ हा प्रश्न जुन्या पिढीत सर्रास विचारला जाई. काही घरांत अजूनही विचारतात.

1929 मध्ये मुंबईपासून तोडून नाशिकचा स्वतंत्र डायोसिस, म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश, झाला. मराठीत धर्मप्रांतही म्हणतात, पण बोलताना सगळे डायोसिसच म्हणतात. पहिले बिशप फिलिप लॉइड. 1944 मध्ये ते इंग्लंडला सेंट ऑल्बन्सचे बिशप होऊन गेले. डायोसिस झाल्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे 1930 मध्ये, भारतातलं अँग्लिकन चर्च कायद्याने चर्च ऑफ इंग्लंडपासून वेगळं झालं. स्वातंत्र्याच्या सतरा वर्षं आधी. त्यानंतर चर्चवर लंडनची सत्ता उरली नाही. पैसा मात्र बराच काळ तिथूनच येत राहिला.

मग 29 नोव्हेंबर 1970. नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा चर्चं एकत्र आली आणि सीएनआय जन्मलं. अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल यांचं आधीच झालेलं संयुक्त चर्च होतं, बॅप्टिस्ट होते, ब्रेदरेन होते, डिसायपल्स होते आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट होते. अमेरिकन परंपरेचं मोठं मेथडिस्ट चर्च ऐन वेळी बाहेर पडलं, म्हणून आजही मेथडिस्ट चर्च वेगळं दिसतं. एकत्र येताना अडचणी साध्या नव्हत्या. बॅप्टिस्ट म्हणणार, बाप्तिस्मा समजत्या वयातच. अँग्लिकन म्हणणार, तान्ह्या बाळालाही. तोडगा असा निघाला की दोन्ही रीती चालतील, घरच्यांनी निवडावं, पण एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा नाही. बिशप मानणारे आणि न मानणारे यांच्यातला वाद प्रार्थनेने आणि एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवण्याच्या संयुक्त विधीने मिटवला गेला. कोण कुणाला नव्याने दीक्षा देतंय, हे मुद्दामच स्पष्ट ठेवलं नाही. मला हा तोडगा फार शहाणपणाचा वाटतो.

पाळक होतो कसा

मुलगा किंवा मुलगी आधी आपल्या मंडळीत दिसावी लागते: संडे स्कूल शिकवणारी, तरुण संघात धावपळ करणारी. पास्टोरेटची, म्हणजे एका पाळकाकडच्या मंडळीची, कमिटी शिफारस करते, डायोसिस निवड करतं आणि मग सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या कॉलेजात, तीन-चार वर्षं. यातल्या बऱ्याच पदव्या बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजशी जोडलेल्या. ते कॉलेज 1818 मध्ये निघालं आणि 1827 मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने त्याला पदवी देण्याचा अधिकार मिळाला, कारण सेरामपूर तेव्हा डॅनिश वसाहत होती. अभ्यासात ग्रीक येतं, हिब्रू येतं, इतर धर्मांचा अभ्यास येतो. येत नाहीत त्या गोष्टी म्हणजे हिशेबाच्या वह्या, सात-बारा आणि धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. पुढे अर्धं आयुष्य त्यांतच जातं.

आधी डीकन, मग प्रेस्बिटर, म्हणजे पूर्ण अधिकाराचा पाळक. डीकन उपदेश करू शकतो, पण प्रभुभोजनाचा विधी चालवू शकत नाही. तो अधिकार प्रेस्बिटरचा. या छोट्या नियमाचा खेड्यांवर मोठा परिणाम होतो. एका पाळकाकडे एक मुख्य चर्च आणि भोवतालची कितीतरी गावं. गावातली रविवारची उपासना एखादे निवृत्त शिक्षक नाहीतर सुवार्तिक (धर्मप्रचारक) चालवतात. पण प्रभुभोजनाची भाकरी आणि द्राक्षारस पाळक येतील त्याच रविवारी. दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या मुलांनी मोठेपणी आपला विश्वास स्वतः कबूल करणं, अँग्लिकन रीतीत बिशपच्या हातून होतं. म्हणून बिशपसाहेब खेड्यात येणार असले की ढोल, हार, रस्त्यावर चुना, सगळं आलंच.

बिशप वरून लादला जातो असं लोकांना वाटतं. तसं पूर्णपणे नाही. डायोसेसन कौन्सिलमध्ये, म्हणजे डायोसिसच्या सभेत, पाळकांबरोबर मंडळ्यांचे सामान्य प्रतिनिधीही बसतात. ते नावं सुचवतात, आणि अंतिम निवड सिनॉड, म्हणजे सीएनआयची अखिल भारतीय पातळीवरची सभा, करते. म्हणजे इथे निवडणूक आहे, गट आहेत, मतांची बेरीज आहे. देवाचं काम आहे म्हणून राजकारण नसेल, अशी अपेक्षा ठेवणाऱ्याने एकदा कौन्सिलच्या आदल्या संध्याकाळचा चहा प्यायला जावं.

पाळकाचा आठवडा रविवारी संपत नाही, तिथून सुरू होतो. सोमवारी सुट्टी म्हणतात, पण मयत वार बघून येत नाही. दफन शक्यतो लवकर करायचं असतं. कबरस्तानात जागा कुठे, घरच्यांच्या जुन्या कबरीतच जागा करायची का, खड्डा खणणारा माणूस गावाला गेलाय का, नोंद कुणी करायची, हे सगळं पाळकाकडे. मधल्या दिवसांत घरभेटी, आजाऱ्यांसाठी प्रार्थना, भाऊबंदकीत मध्यस्थी, शाळेच्या कमिटीची मीटिंग. बुधवार-शुक्रवारी कॉटेज प्रेअर, म्हणजे कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा, आणि तिथे पोहे खाल्ल्याशिवाय सुटका नाही. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन ख्रिस्ताच्या सात उद्गारांवर सात उपदेश. ईस्टरला पहाटे कबरस्तानात हजर. डिसेंबरभर रात्री कॅरलवाल्या पोरांबरोबर फिरायचं आणि घसा बसलेला असताना पंचवीस तारखेला मोठी उपासना.

पाळकाच्या बायकोचं काय? तिची नेमणूक कुणीच केलेली नसते, पण महिला मंडळ तिनेच चालवायचं, पाहुण्यांना चहा तिनेच करायचा, आणि तिची साडी भारी की साधी यावर मंडळीची नजर. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांनी रेव्हरंड नारायण वामन टिळकांबरोबरचा संसार लिहून ठेवला म्हणून आपल्याला एका पाळकाच्या घरातली ओढाताण आतून दिसते. एरवी ती कुठल्याच अहवालात येत नाही.

कागदाचं वजन

पाळकाच्या कपाटातली बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची रजिस्टरं ही केवळ धार्मिक वस्तू नाहीत. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा 1872 चा आहे आणि तो अजून लागू आहे. त्यात बिशपच्या हातून दीक्षा मिळालेल्याला लग्न लावण्याचा अधिकार त्या दीक्षेमुळेच मिळतो. इतर बऱ्याच पंथांच्या सेवकाला त्यासाठी राज्य सरकारचा परवाना लागतो. एखाद्या नव्या फेलोशिपमध्ये (स्वतंत्र मंडळीत) थाटात लग्न होतं आणि पासपोर्टच्या वेळी प्रमाणपत्राचा घोळ निघतो, तो बहुधा इथेच. त्याच कायद्यात लग्नाची वेळ सकाळी सहा ते संध्याकाळी सात अशी ठरवून दिली आहे. त्याबाहेर लग्न लावायचं तर अँग्लिकन बिशपच्या सही-शिक्क्याचा खास परवाना, अशी तरतूदही आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली ही कलमं आजही कायद्याच्या पुस्तकात आहेत.

बाप्तिस्म्याच्या नोंदीचं वजन वेगळंच. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आले नाहीत. नगर-नाशिककडच्या मंडळ्यांत महार आणि मांग समाजातून आलेली कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. त्यांना महाराष्ट्रात ओबीसी प्रवर्गात जावं लागतं. आदिवासींना मात्र धर्म बदलला तरी अनुसूचित जमातीचा दर्जा राहतो. म्हणून एखादं कुटुंब वर्षानुवर्षं चर्चला येतं, दान देतं, गातं, पण बाप्तिस्मा घेत नाही. पाळकाला कारण ठाऊक असतं आणि तो ते व्यासपीठावरून बोलत नाही.

पैसा

दर रविवारी दानाची थैली फिरते. काही जण दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, देतात, बरेच जण जमेल तसं. हंगामाच्या सणाला धान्य, भोपळे, कोंबड्या, केक येतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. एक नारळ चार वेळा विकला जातो, कारण घेणारा तो परत दान करतो. या सगळ्यातून पास्टोरेट आपला ठरलेला वाटा डायोसिसला भरतं आणि तिथून वेतनश्रेणीप्रमाणे पाळकांचे पगार निघतात. श्रीमंत शहरी मंडळी जास्त भरते, गरीब खेड्यातली कमी, आणि पाळकाचा पगार त्याच्या मंडळीच्या श्रीमंतीवर ठरू नये हा हेतू. जिल्हा परिषदेच्या शिक्षकासारखंच हे: शाळा गावाची, बदली वरून. वाटा थकला की पगार थकतो, आणि तसं होतं.

परदेशातून पैसा येतो आणि सगळं चालतं, हा समज आता पुष्कळच जुना झालाय. 2020 मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा कडक झाला: पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा, प्रशासनावर वीस टक्क्यांपेक्षा जास्त खर्च नको, आणि एका संस्थेने तो दुसरीला द्यायचा नाही. मोठ्या संस्थेकडून छोट्या वसतिगृहाला, दवाखान्याला मिळणारा आधार या शेवटच्या अटीमुळे सुटला.

पगार आणि स्वातंत्र्य यांचं नातं रेव्हरंड टिळकांनी शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला: बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, सगळ्यांसाठी. दोन वर्षांत ते गेले. पगार घेणारा पाळक मालकाची भाषा बोलू लागतो, ही त्यांची धास्ती होती. आज मालक बदललाय, प्रश्न तोच आहे.

बिशपच्या छत्राबाहेर

प्रोटेस्टंट म्हणजे फक्त सीएनआय नव्हे. मेथडिस्टांची आपली कॉन्फरन्स आहे, साल्व्हेशन आर्मीत हुद्दे सैन्यासारखे. नव्या पेंटेकॉस्टल फेलोशिपा भाड्याच्या हॉलमध्ये भरतात आणि तरुणांना जोरात ओढून घेतात. बायबल सोसायटी, वायएमसीए यांसारख्या संस्था कुठल्याच एका चर्चच्या नाहीत, सगळ्यांबरोबर काम करतात. लेप्रसी मिशन नाशिकमध्ये कुष्ठरोग झालेल्या कुटुंबांतल्या मुलांना तांत्रिक शिक्षण देतं. देवळालीचं बार्न्स स्कूल 1925 चं, पण ते चालवणारी बॉम्बे एज्युकेशन सोसायटी 1815 ची, एका अँग्लिकन आर्चडीकनने काढलेली. तिचा कारभार तिची स्वतःची समिती बघते. म्हणजे नाव ख्रिस्ती, मूळ अँग्लिकन, तरी बिशपच्या हुकमाखाली असेलच असं नाही. वर्तमानपत्रं इथे नेहमी गल्लत करतात.

जमीन

आता सगळ्यात ज्वलंत विषय. मिशनऱ्यांनी शहराबाहेर स्वस्तात एकरानं जमीन घेतली: बंगला, शाळा, दवाखाना, कबरस्तान, भोवती चिंचेची झाडं. शहर वाढलं आणि शरणपूर रोडसारखा रस्ता ऐन बाजारपेठेत आला. आज त्या जमिनीचा एक तुकडा म्हणजे कोट्यवधी रुपये. पण ती कुणाची? कागदावर कुठे जुन्या मिशनच्या ट्रस्ट असोसिएशनचं नाव, कुठे डायोसेसन ट्रस्टचं, कुठे अजून इंग्रजी नावं. 1970 मध्ये चर्चं एकत्र आली तेव्हा अनेकांनी गृहीत धरलं की जमिनीही आपोआप एकत्र आल्या. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या ब्रेदरेन चर्चच्या खटल्यात सांगितलं की तसं नाही. ठराव करून चर्चं एकत्र होतील. पण सार्वजनिक ट्रस्टची मालमत्ता नुसत्या ठरावाने दुसरीकडे जात नाही, त्यासाठी ट्रस्ट कायद्याची रीतसर वाट चालावी लागते.

तो कायदा म्हणजे 1950 चा मुंबई, आताचा महाराष्ट्र, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम. त्याचं कलम 36 प्रत्येक मंडळीने भिंतीवर लावावं असं आहे. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकता, बदलता किंवा बक्षीस देता येत नाही. भाडेपट्टाही शेतजमिनीचा दहा वर्षांपेक्षा, आणि बिनशेती जमीन किंवा इमारतीचा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर परवानगी हवीच. बिशपची सही असली तरी, कौन्सिलचा ठराव असला तरी.

यात पाळकाची गत अवघड होते. तो ट्रस्टी असेलच असं नाही, पण मंडळी जाब त्यालाच विचारते, कारण तो रोज समोर दिसतो. तो बोलला तर वरच्यांची नाराजी, गप्प बसला तर खालच्यांची. आणि त्याचं राहतं घर त्याच ट्रस्टचं.

मंडळीतल्या माणसाला करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते फारसं कुणी करत नाही. नाशिकच्या धर्मादाय कार्यालयात ट्रस्टचा नोंदणी क्रमांक देऊन परिशिष्ट एकची नक्कल मागता येते. त्यात विश्वस्त कोण आणि मालमत्ता कोणती, हे लिहिलेलं असतं. विश्वस्त बदलले तर बदल अर्ज दाखल व्हायला हवा. तो वर्षानुवर्षं प्रलंबित असेल तर आज सह्या करणाऱ्यांचा अधिकार तपासून बघावा. आणि गैरव्यवहाराची शंका असेल तर ट्रस्टमध्ये हितसंबंध असलेल्या किमान दोन व्यक्ती धर्मादाय आयुक्तांची लेखी संमती घेऊन कलम 50 खाली दावा लावू शकतात. बाप्तिस्मा झालेला, त्या चर्चमध्ये उपासनेला येणारा सामान्य माणूस अशा व्यक्तींत मोडतो.